सतरा दिवस, दहा दिवस, सात दिवस: कोविडचा नेमका कोणता नियम पाळायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील एका वन बीएचके सदनिकेत राहणाऱ्या कुटुंबात २०२० च्या मे महिन्यात वडिलांना सतरा दिवस वेगळे राहायला सांगितले गेले, २०२१ च्या एप्रिलअखेरीस स्वतः प्रश्नकर्त्यांना दहा दिवस आणि २०२२ च्या जानेवारीत त्यांच्या पत्नीला सात दिवस. आता परवापासून मुलाला ताप आणि घशात खवखव आहे. घरच्या किटवर केलेली चाचणी निगेटिव्ह आली आणि डॉक्टरांनी ताप उतरल्यावर बाहेर पडायला हरकत नसल्याचे सांगितले. मुलाच्या कंपनीला मात्र कामावर रुजू होण्यापूर्वी निगेटिव्ह रिपोर्ट हवा आहे. घरात मधुमेह असलेली ७८ वर्षांची आई आहे. यातले खरे काय मानायचे आणि आता काय करायचे?

तुमच्या घरात सांगितले गेलेले तिन्ही आकडे त्या त्या वेळी अधिकृत होते, त्यामुळे कोणी तुमची दिशाभूल केली असे मला वाटत नाही. विषाणूविषयीची माहिती वाढत गेली हे नियम बदलण्याचे एक कारण होते. रुग्णालयांतील खाटा, प्रयोगशाळांची क्षमता, लसीकरण आणि लोक किती दिवस कामाविना घरी बसू शकतात याचा अंदाज, या सगळ्यांचाही त्यात वाटा होता. पुण्यात फिजिशियन म्हणून काम करताना मला एक गोष्ट सतत जाणवत आली आहे. लोक नियमातला आकडा लक्षात ठेवतात, पण तो आकडा कशासाठी ठरवला होता हे त्यांना कोणी सांगत नाही. ते एकदा कळले की आजचा निर्णय तुमचा तुम्हालाही घेता येतो.

महाराष्ट्रातील पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. दुबईहून परतलेले ते दांपत्य होते. त्या दिवसांत परदेशातून येणाऱ्यांच्या डाव्या हाताच्या मागच्या बाजूस शिक्का मारला जात असे, आणि रुग्णाला घरी सोडण्यासाठी २४ तासांच्या अंतराने घेतलेले दोन नमुने निगेटिव्ह यावे लागत. त्या नियमामागील भूमिका समजण्यासारखी होती, कारण विषाणू नवा होता आणि थोडीही जोखीम घेण्याची कोणाची तयारी नव्हती. प्रत्यक्षात मात्र ताप जाऊन दोन आठवडे झालेला, वॉर्डात येरझाऱ्या घालणारा, डबा संपवणारा धडधाकट माणूस केवळ रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो म्हणून खाटेवर अडकून पडत असे. एक नमुना निगेटिव्ह यायचा, दुसरा पॉझिटिव्ह यायचा आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची.

याचे कारण आरटीपीसीआर चाचणीच्या स्वरूपातच आहे. ही चाचणी विषाणूच्या जनुकीय द्रव्याचा अंश शोधते आणि तो अंश जिवंत, दुसऱ्याला लागण करू शकणाऱ्या विषाणूचा आहे की मेलेल्या विषाणूचे अवशेष आहेत, हे तिला कळत नाही. म्युनिकमधील नऊ रुग्णांवरील एक अभ्यास २०२० च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात घशात आणि थुंकीत जनुकीय द्रव्य भरपूर सापडत असूनही आठव्या दिवसानंतर प्रयोगशाळेत जिवंत विषाणू वाढवता आला नाही. पुढच्याच महिन्यात दक्षिण कोरियाच्या रोग नियंत्रण यंत्रणेने बरे होऊन पुन्हा पॉझिटिव्ह आलेल्या २८५ जणांचा मागोवा घेतला. त्यांच्या संपर्कातील ७९० जणांपैकी कोणालाही या पुन्हा पॉझिटिव्ह आलेल्यांकडून लागण झाल्याचे आढळले नाही.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ८ मे २०२० रोजी घरी सोडण्याचे धोरण बदलले तेही याच दिशेने. सौम्य लक्षणांच्या रुग्णाला लक्षणे सुरू झाल्यापासून दहा दिवस झाले असतील आणि शेवटचे तीन दिवस ताप नसेल, तर चाचणी न करता सोडायचे आणि पुढे सात दिवस त्याने घरीच वेगळे राहायचे, असे ते धोरण होते. तुमच्या वडिलांचे सतरा दिवस म्हणजे हे दहा आणि सात. वरचे सात दिवस निव्वळ खबरदारीचे होते. खाटा रिकाम्या करण्यासाठी सरकारने नियम सैल केला असा आरोप तेव्हा झाला. खाटांची गरज हे एक कारण होतेच, पण वैद्यकीय दृष्ट्या हा बदल योग्य होता असे माझे मत आहे. चूक झाली ती समजावून सांगण्यात. काल-परवापर्यंत दोन निगेटिव्ह रिपोर्टशिवाय घरी जाऊ न देणारी यंत्रणा एका रात्रीत रिपोर्टची गरजच नाही म्हणू लागली, आणि त्याचे कारण सोसायटीच्या सचिवापर्यंत कधी पोहोचलेच नाही. परिणामी बरा झालेला माणूस जिन्यातच अडवला जाई आणि त्याला पदरचे पैसे खर्चून पुन्हा चाचणी करावी लागे. २०२० च्या मार्चमध्ये खासगी प्रयोगशाळेतील चाचणीची कमाल किंमत ४,५०० रुपये होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या हट्टाची किंमतही कळते. पुढे एप्रिल २०२१ च्या अखेरीस आलेल्या गृह विलगीकरणाच्या सुधारित सूचनांत ते खबरदारीचे सात दिवस वगळले गेले आणि तुमच्या वाट्याला दहा दिवस आले.

दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे हा प्रश्न मला आकड्यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. समजा, सोमवारी ताप आला, बुधवारी स्वॅब दिला आणि रिपोर्ट शनिवारी आला. दुसऱ्या लाटेत हे सर्रास घडत होते, कारण राज्यात १८ एप्रिल २०२१ या एका दिवशी ६८,६३१ नवे रुग्ण नोंदले गेले आणि प्रयोगशाळांवर असह्य ताण होता. अशा वेळी एकाच माणसाचे दहा दिवस तीन वेगवेगळ्या तारखांना संपू शकतात. बहुतेक लोक रिपोर्टच्या दिवसापासून मोजत, म्हणजे सर्वांत जास्त संसर्ग पसरवण्याचे पहिले काही दिवस मोकळे फिरत आणि नंतरचे निरुपद्रवी दिवस कोंडून घेत. ५ जानेवारी २०२२ च्या सूचनांत तर पॉझिटिव्ह आल्यापासून किमान सात दिवस आणि शेवटचे सलग तीन दिवस ताप नसणे अशी मोजणी आली. सरकारी नोंदीसाठी ती सोयीची होती, पण माझ्या मते घरात ती वापरू नये. लक्षणे असतील तर पहिल्या लक्षणाचा दिवस शून्य धरावा आणि लक्षणे नसतील तर नमुना दिल्याचा. रिपोर्ट हाती आल्याची तारीख कशासाठीच धरू नये.

आता सात दिवसांविषयी. ७ जानेवारी २०२२ रोजी एकट्या मुंबईत २०,९७१ रुग्ण आढळले होते. ओमायक्रॉनची लागण झपाट्याने होत होती, संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ आधीच्या सरासरी पाच दिवसांवरून तीनच्या आसपास आला होता आणि बहुतेक प्रौढांची लस झाली होती. घरोघरी रुग्ण असताना सगळ्यांना दहा दिवस बसवले असते तर रुग्णालयांतच काम करायला माणसे उरली नसती. अमेरिकेने तर २७ डिसेंबर २०२१ रोजीच पाच दिवस विलगीकरण आणि पुढचे पाच दिवस मास्क असा नियम केला होता. त्यानंतर ब्रिटनमधील एका प्रयोगाचे निष्कर्ष आले. त्यात ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांच्या नाकात मोजून विषाणू सोडण्यात आला आणि १८ जणांना संसर्ग झाला. त्यांच्या शरीरात जिवंत विषाणू सरासरी साडेसहा दिवस आणि जास्तीत जास्त बारा दिवस सापडला. तो प्रयोग मूळ विषाणूवर आणि लस न घेतलेल्यांवर होता, त्यामुळे तो जसाच्या तसा आज लागू करता येत नाही. तरी सरासरी आणि कमाल यांतील अंतर त्यातून दिसते. सात दिवसांचा नियम सरासरीच्या जवळ आहे, म्हणजे आठव्या-नवव्या दिवशीही काही जण संसर्ग देऊ शकतात हे तो नियम करणाऱ्यांनी गृहीतच धरले होते. समाजाच्या पातळीवर हे परवडते. घरात ७८ वर्षांची मधुमेही आई असेल तर ती तडजोड आपणही स्वीकारायची की नाही, हे त्या घराने ठरवायचे असते.

तुमच्या मुलाच्या डॉक्टरांचा सल्लाही असाच एका नियमातून आला आहे. अमेरिकेच्या सीडीसी या रोग नियंत्रण संस्थेने १ मार्च २०२४ पासून पाच दिवसांची अटही काढली आणि औषध न घेता २४ तास ताप नसेल व लक्षणे उतरणीला लागली असतील तर बाहेर पडावे, असे सांगितले. मात्र त्याच सूचनेत पुढचे पाच दिवस मास्क, मोकळी हवा आणि अंतर पाळण्याचा सल्ला आहे, आणि तो भाग बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. आपल्याकडे २०२२ च्या गुढीपाडव्याला राज्यातील निर्बंध उठले आणि मास्क ऐच्छिक झाला. जागतिक आरोग्य संघटनेनेही ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. त्यामुळे आज तुम्ही जे काही कराल ते सक्ती म्हणून नव्हे, तर आईसाठी कराल.

चाचणीकडे वळतो. आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेने १४ जून २०२० रोजी पहिल्या रॅपिड अँटिजेन किटला (घरी करतात ती झटपट चाचणी याच प्रकारची) परवानगी देताना जाहीर केलेले आकडे बोलके आहेत. बाधित नसलेल्यांना ती ९९.३ ते १०० टक्के वेळा बरोबर ओळखत होती, पण बाधितांना ओळखण्याचे प्रमाण दोन ठिकाणच्या पडताळणीत ५०.६ ते ८४ टक्के एवढेच होते. म्हणून अँटिजेन पॉझिटिव्ह आली तर ती खरी मानायची आणि लक्षणे असताना निगेटिव्ह आली तर तिच्यावर विसंबायचे नाही, हा दंडक तेव्हापासून आजतागायत तसाच आहे. एवढे नियम बदलले, पण हा बदललेला नाही. तुमच्या मुलाची चाचणी ताप आल्याच्या दुसऱ्याच दिवशी झाली आहे. लस किंवा पूर्वीचा संसर्ग झालेल्या शरीरात प्रतिकारशक्ती लगेच जागी होते, त्यामुळे ताप आणि घसा आधी सुरू होतो आणि नाकातील विषाणूंची संख्या नंतर वाढते. पहिल्या दिवसांतील निगेटिव्ह निकालाचा अर्थ म्हणूनच ‘अजून सांगता येत नाही’ एवढाच घ्यावा. ४८ तासांनी पुन्हा चाचणी करावी.

ती करताना घाई करू नये. पुण्यातच तयार झालेल्या कोव्हिसेल्फ या किटला १९ मे २०२१ रोजी मान्यता मिळाली, तेव्हापासून घरी चाचणी करणारे पुष्कळ झाले, पण बरेच जण स्वॅब नाकपुडीच्या तोंडाशीच फिरवून काढतात. काडी दोन ते चार सेंटिमीटर आत जायला हवी, आतल्या भिंतीला टेकवून पाच वेळा फिरवायला हवी आणि तीच काडी दुसऱ्या नाकपुडीतही तशीच फिरवायला हवी. त्याआधी नाक शिंकरून साफ करावे. नळीतल्या द्रवात काडी नीट घुसळून, नळी दाबून पिळून घ्यावी, थेंब टाकून पंधरा मिनिटे थांबावे. टी या अक्षरासमोरची रेघ कितीही फिकट असली तरी ती पॉझिटिव्हच असते. वीस मिनिटांनंतर उमटलेली रेघ मात्र धरू नये आणि सी समोर रेघच आली नाही तर ती चाचणी वाया गेली असे समजावे.

जाता जाता सीटी व्हॅल्यूविषयी, कारण अजूनही लोक आरटीपीसीआरच्या रिपोर्टवरचा तो आकडा मला व्हॉट्सॲपवर पाठवतात. विषाणूचा अंश दिसेपर्यंत यंत्राला किती आवर्तने करावी लागली, एवढेच तो आकडा सांगतो. आकडा जितका लहान तितका विषाणू जास्त, आणि साधारण दहा आवर्तनांचा फरक म्हणजे प्रमाणात हजारपट फरक. पण स्वॅब नीट घेतला नाही, तो उन्हात राहिला किंवा किट वेगळे असले तरी हा आकडा बदलतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये पॉझिटिव्हची मर्यादा ३५ वरून २४ वर आणावी का, असे महाराष्ट्राने विचारले होते. आयसीएमआरने त्याला नकार दिला आणि तो योग्यच होता, कारण नुकतीच लागण झालेला माणूसही ३० वर असू शकतो आणि दोन दिवसांत २० वर येऊ शकतो.

निगेटिव्ह रिपोर्टचा सर्वांत निरर्थक वापर मी पाहिला तो सीमेवर. २०२१ मध्ये निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर कर्नाटकात शिरताना ७२ तासांच्या आतील आरटीपीसीआर लागत असे, आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मे महिन्यापासून गोव्यात पत्रादेवीच्या नाक्यावरही निगेटिव्ह रिपोर्ट लागू लागला. त्याचा जाच बांदा, सावंतवाडीकडून रोज कामाला गोव्यात जाणाऱ्यांना झाला. सोमवारचा नमुना बुधवारी माणूस संसर्गजन्य आहे की नाही हे सांगू शकत नाही. त्याच ४ मे रोजी आयसीएमआरने प्रयोगशाळांवरील भार कमी करण्यासाठी, निरोगी व्यक्तीला आंतरराज्य प्रवासासाठी चाचणी लावू नये आणि एकदा पॉझिटिव्ह आलेल्याची आरटीपीसीआर पुन्हा करू नये, असे सांगितले होते. १० जानेवारी २०२२ च्या सूचनेत तर साठीपुढचे किंवा इतर आजार असलेले सोडून लक्षणे नसलेल्या संपर्कातील व्यक्तींचीही चाचणी नको, असे आले. आकडे लपवायचे आहेत म्हणून हे केले, अशी टीका झाली. माझा निकष साधा आहे: निकालामुळे पुढची कृती बदलणार असेल तरच चाचणी करावी. तुमच्या घरात ती आईभोवतीची खबरदारी आणि आईचे उपचार दोन्ही बदलू शकते, म्हणून करावी.

आता वेगळे राहण्याविषयी. गृह विलगीकरणाचे नियम लिहिताना स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र स्वच्छतागृह गृहीत धरलेले असे, आणि महाराष्ट्रात ते किती घरांत आहे हे सगळ्यांना माहीत होते. धारावीत १ एप्रिल २०२० रोजी पहिला रुग्ण आढळला, तेव्हा सार्वजनिक शौचालये वापरणाऱ्या आणि दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या लोकांना घरी वेगळे राहा असे सांगण्यात अर्थच नव्हता. महापालिकेने शाळा आणि राजीव गांधी क्रीडा संकुल ताब्यात घेऊन लोकांची सोय तिथे केली, हे तिथल्या यशाचे मोठे कारण होते. २०२१ च्या मे महिन्यात राज्याने रुग्णसंख्या जास्त असलेल्या १८ जिल्ह्यांत गृह विलगीकरण बंद करून रुग्णांना कोविड केअर सेंटरमध्ये हलवण्याचा निर्णय घेतला, तोही याच कारणाने. खेड्यात त्यावर नाराजी फार झाली, कारण गुरे, शेत आणि म्हातारी माणसे सोडून जायचे कसे, हा प्रश्न होता.

तुमच्या वन बीएचकेत मुलाला बेडरूम द्यावी असे सहज सुचते, पण आधी कोणत्या खोलीत हवा खेळते ते पाहा. हा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो, त्यामुळे भाज्या सोड्यात धुणे आणि दाराची कडी पुसत बसणे आता सोडून द्या. मुलाच्या खोलीची खिडकी उघडी, दार बंद आणि शक्य असेल तर खिडकीत बाहेरच्या दिशेने हवा फेकणारा पंखा, एवढी व्यवस्था करा. आई झोपते ती जागा त्याच्या दारासमोर नसावी. संडास-बाथरूम एकच असेल तर त्याने शेवटी जावे, एक्झॉस्ट फॅन चालू ठेवून बाहेर यावे आणि त्यानंतर अर्धा तास आईने आत जाऊ नये. खोलीबाहेर पडताना एन-९५ मास्क त्याने लावावा आणि त्याच्याशी बोलायला जाताना इतरांनीही. जेवण एकत्र नको, कारण मास्क काढून समोरासमोर बसण्याची घरातली सर्वांत लांब वेळ तीच असते. हे पहिले पाच दिवस काटेकोर आणि दहाव्या दिवसापर्यंत आईच्या बाबतीत तरी पाळावे. त्याआधी लागोपाठ दोन दिवस अँटिजेन निगेटिव्ह आली, तर थोडे लवकर सैल करायला हरकत नाही. दुसरी चाचणीही निगेटिव्ह आली तरी ताप-खोकला असेपर्यंत हेच करा, कारण फ्लूही आईला तेवढाच त्रास देऊ शकतो.

आईच्या बाबतीत वाट पाहू नका. तिला कणकण, खोकला, नेहमीपेक्षा जास्त थकवा किंवा कारण नसताना साखर वाढलेली दिसली, तर त्याच दिवशी चाचणी करून डॉक्टरांना कळवा. जास्त जोखमीच्या रुग्णांसाठी विषाणूविरोधी गोळ्या आहेत, पण त्या लक्षणे सुरू झाल्यापासून पाच दिवसांत सुरू कराव्या लागतात, आणि त्यांचा इतर औषधांशी संबंध तपासावा लागतो, म्हणून तिच्या सध्याच्या सगळ्या गोळ्यांची यादी आजच लिहून ठेवा. ऑक्सिमीटर बाहेर काढून सेल बदला. बोट गरम असावे, नखावर रंग किंवा मेंदी नसावी आणि आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबावे. बसून ९५ आले तरी समाधान मानू नका. आधाराशिवाय चालता येत असेल आणि श्वास लागत नसेल, तर घरातच सपाट जमिनीवर सहा मिनिटे, तिला झेपत नसेल तर तीनच मिनिटे, चालवून पुन्हा मोजा. आकडा ९३ च्या खाली गेला किंवा तीनहून अधिकने घसरला, तर रुग्णालय गाठावे. घरात कोणी केमोथेरपी घेणारे किंवा अवयव प्रत्यारोपण झालेले असेल, तर त्यांच्यासाठी दिवसांचा हा हिशेब चालत नाही, कारण त्यांच्यात जिवंत विषाणू वीस दिवस किंवा त्याहून जास्त काळ राहू शकतो.

राहिला कंपनीचा रिपोर्ट. आरटीपीसीआर काढायला जाऊ नका. मुलाला कोविड झालाच असेल तर ती बरे झाल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते आणि त्याची रजा विनाकारण लांबेल. त्याऐवजी डॉक्टरांच्या लेटरहेडवर लक्षणे सुरू झाल्याची तारीख, औषधाशिवाय ताप गेल्याची तारीख, कामावर रुजू होण्यास योग्य असल्याचा शेरा आणि दहाव्या दिवसापर्यंत मास्क वापरण्याची सूचना लिहून घ्या. एवढ्यावर मनुष्यबळ विभाग ऐकत नसेल, तर रुजू होण्याच्या दिवशी सकाळी केलेली अँटिजेन चाचणी तारीख-वेळ दिसेल असा फोटो काढून पाठवावी, कारण त्यांना जे जाणून घ्यायचे आहे त्याच्या सर्वांत जवळचे उत्तर तीच देते.